यातलं तुझं काय? दुसऱ्यांच्या कोडवर उभा केलेला गेम

भरती_ओहोटी | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी दादरच्या नायगावात राहतो. परळला एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो आणि गेली दोन वर्षं रात्री जेवणं आटोपली की गोडो या मोफत गेम इंजिनात (गेम ज्यावर उभा राहतो तो तयार पाया) एक गेम करत बसतो. नाव ‘भरती’. शाळा सुटलेली एक मुलगी दादरच्या सखल हिंदमाता भागातून घरी निघालीय. पाऊस धरून कोसळतोय, समुद्राला भरती आहे, रस्त्यात पाणी चढत चाललंय. दुकानांच्या पायऱ्या, दुभाजक, बंद पडलेल्या टॅक्सीचं टप, वाहत येणाऱ्या हातगाड्या, यांवरून उड्या मारत तिला घर गाठायचंय. आमच्याकडे पाऊस लागला की आईचा पहिला प्रश्न असतो, ‘भरती किती वाजता, आणि किती मीटरची?’ साडेचारच्या वरची असली की गाद्या आणि धान्याचे डबे पलंगावर चढतात. गेम त्यातूनच सुचला.

गेल्या महिन्यात अंधेरीच्या एका स्टुडिओत मुलाखतीला गेलो. फोनवर गेम दाखवला. समोरच्यांनी पाचेक मिनिटं खेळून पाहिला आणि विचारलं, उडीचा कोड कुणाचा? म्हटलं, यूट्यूबवरून शिकलो. कॅमेरा हादरतो तो? लोक आपला कोड ठेवतात त्या गिटहबवरून घेतला. संवादाची चौकट? तयार अ‍ॅडऑन आहे. चित्रं? केनी नावाच्या साइटच्या मोफत संचातली, रंग बदललेत. फोन परत देत ते म्हणाले, ‘मग यातलं तुझं काय?’

मी गप्प बसलो. उत्तरच सुचलं नाही. परतीच्या फास्ट ट्रेनमध्ये दादर येऊन गेलं तेही कळलं नाही, थेट चर्चगेटला उतरलो.

घरी येऊन सगळ्या स्क्रिप्टच्या ओळी मोजल्या. एकूण सुमारे २,६००. त्यातल्या जेमतेम ७०० मी लिहिलेल्या. इन्स्टाग्रामवर नावाखाली ‘गेम डेव्हलपर’ लिहिलं होतं, ते त्याच रात्री काढून टाकलं.

इथे अनुभवी लोक आहेत म्हणून विचारतो. दुसऱ्यांचा कोड वापरून गेम केला तर स्वतःला गेम डेव्हलपर म्हणवून घ्यावं का? मन राखायला लिहू नका, खरं सांगा.

बुडापासून | शनिवार, रात्री ११:५८

खरं सांग म्हणालास म्हणून लिहितो. मुलाखत घेणाऱ्याचा प्रश्न योग्य होता.

मी अकरा वर्षं सी प्लस प्लसमध्ये इंजिनाचं काम करतोय. ख्रिस सॉयरने १९९९ चा रोलरकोस्टर टायकून जवळजवळ सगळा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, लिहिला. प्रत्येकाने तसंच करावं असं माझं म्हणणं नाही. पण माझ्या हाताखाली जी मुलं येतात, त्यांना तुकडे जोडता येतात आणि एखादा सांधा निखळला की ती पडद्याकडे बघत बसतात. तास न् तास. ते बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी उघडून बघायला शिकवलेलंच नसतं. जे आपल्याला उघडून दुरुस्त करता येत नाही, ते आपलं म्हणू नये असं माझं मत आहे.

तुला एकच विचारतो. तुझी ती मुलगी उडी मारल्यावर किती फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) हवेत असते? बघून ये. मग पुढे बोलू.

वडाळा_कट्टा | रविवार, रात्री १२:१५

@बुडापासून, एवढं कडक नको. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून जो काउंटर-स्ट्राइक खेळला, तो आला कुठून? १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफवर केलेला मॉड, म्हणजे तयार गेममध्ये केलेला बदल, होता तो. हाफ-लाइफ १९९८ चा, तो व्हॉल्व्हने आयडी सॉफ्टवेअरकडून परवाना घेतलेल्या क्वेक इंजिनावर, त्यात भरपूर बदल करून केलेला. म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनावरच्या गेमवर तिसऱ्यांनी केलेला खेळ. आणि ज्या डस्ट टूमध्ये आमच्या आख्ख्या सुट्ट्या गेल्या, तो नकाशा २००१ मध्ये डेव्ह जॉन्स्टनने केला, त्याने तर इंजिनाला हातही लावलेला नव्हता. या सगळ्यांत गेम डेव्हलपर कोण नाही, सांगा बरं.

बुडापासून | रविवार, रात्री १२:३१

व्हॉल्व्हने इंजिन घेतलं आणि आतून बाहेरून बदललं. बदलता आलं, कारण ते त्यांना कळत होतं. माझा मुद्दा तोच आहे.

जुना_जावावाला | रविवार, सकाळी ९:०५

रात्री धागा वाचून झोपलो आणि पहाटे त्याच विचाराने जाग आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००५ साली मी मोबाइल गेम करणाऱ्या एका कंपनीत लागलो. पत्रावर पद होतं ‘गेम डेव्हलपर’. काम होतं पोर्टिंग. तयार गेम यायचा, एका हँडसेटसाठी लिहिलेला, आणि तो आम्ही दुसऱ्या पन्नास-साठ हँडसेटवर चालता करायचा. तेव्हा आयफोन नव्हता, अँड्रॉइड नव्हता. जावाचा काळ. नोकियाच्या सिरीज ४० च्या सुरुवातीच्या फोनवर ६४ केबीच्या वरची जार फाइल (गेमचं सगळं सामान बांधलेली फाइल) चढायचीच नाही. कुणाचा पडदा १२८ बाय १२८, कुणाचा १७६ बाय २०८. डाव्या सॉफ्ट बटणाचा आकडा नोकियावर उणे ६, मोटोरोलावर उणे २१. टेबलाच्या खणात फोनचा ढीग, प्रत्येकाचा चार्जर वेगळा, आणि प्रत्येक फोनचं दुखणंही वेगळं.

त्या गेमांची मूळची एक ओळही माझी नसायची. ज्याने लिहिलं त्याचं नावही माहीत नसायचं, कधी कधी तर कॉमेंट पोलिश नाहीतर कोरियन भाषेत. मग मी काय करायचो? तीन-चार क्लास एकात ओतायचो, कारण प्रत्येक क्लासमागे जारमध्ये जागा वाया जाते. सुटी चित्रं एका लांब पट्टीत जोडायचो, म्हणजे पीएनजीचं हेडर एकदाच भरावं लागतं. असं केबी-केबी करून ९० चे ६४ करायचे. शिवाजी पार्कच्या जिमखान्यासमोर बसून वहीत हिशेब केलेले आठवतात.

एक रेसिंगचा गेम होता. एका विशिष्ट फोनवर वळणावर आला की अर्धा सेकंद गोठायचा. नेमका वळणावरच. खेळणाऱ्याची गाडी दर वेळी आपटायची. सगळे म्हणाले फोनच मंद आहे, सोडून दे. मला सोडवेना. तिसऱ्या रात्री सापडलं: वळणाचा कोन काढताना मूळ लेखकाने दर फ्रेमला नवा ऑब्जेक्ट बनवला होता, तो लगेच टाकून दिला जायचा, आणि त्या फोनची इवलीशी मेमरी भरली की जावा सगळं थांबवून कचरा गोळा करत बसायचा. ऑब्जेक्ट एकदाच बनवून परत परत वापरला, बस. चार ओळी बदलल्या. पहाटे त्या फोनवर पहिल्यांदा वळण सुटलं तेव्हा मी एकटाच होतो ऑफिसात, वॉचमनला बोलावून दाखवलं.

वडिलांना सांगायचो, मी गेम बनवतो. सांगताना आतून खोटं वाटायचं. पुष्कळ वर्षं वाटत राहिलं. आता नाही वाटत. ज्या माणसाकडे तो एकच फोन होता, त्याच्या हातात तो गेम नीट चालावा याचं ओझं माझ्या डोक्यावर होतं, आणि ते मी वाहिलं.

@भरती_ओहोटी, तू उसन्या १,९०० ओळींबद्दल सगळं लिहिलंस. त्या ७०० ओळींत काय आहे, ते एका अक्षराने नाही सांगितलंस. मुलाखतीतही नाही. ते आधी सांग.

लालबागची_लेक | रविवार, सकाळी १०:२०

जावावाले काका, वॉचमनचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या बाबांचा गणपतीचा कारखाना आहे. आता आषाढ चालू आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही. पेणहून कच्च्या मूर्ती येतात, साच्यातून काढलेल्या. रंग आणि डोळ्यांची आखणी बाबा करतात. एकाच साच्यातल्या वीस मूर्ती ओळीने ठेवल्या तरी जुनी गिऱ्हाइकं येऊन ‘ही तुमच्या हातची’ म्हणून बोट ठेवतात, नजरेवरून. साचा कुणाचा असं कुणी विचारलं तर बाबा पेणच्या कारखानदाराचं नाव सांगतात, न अडखळता. आणि मूर्तीला टवका उडाला, रंग सुटला तर पेणला फोन लावत नाहीत. स्वतः बसून नीट करून देतात. कारखान्याच्या पाटीवर नाव त्यांचं आहे ना.

मी स्वतः एका कंपनीत गेमचे पडदे आणि बटणं डिझाइन करते. भाऊ, एक विचारू? केनीच्या संचाचे रंग बदललेस म्हणतोस. पाण्याखाली गेलेली पायरी आणि कोरडी पायरी वेगळी दिसते का? खेळणाऱ्याला उडी मारायच्या आधी ते कळायला हवं.

भरती_ओहोटी | रविवार, दुपारी ३:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळपासून वही घेऊन बसलो होतो, आत्ता उठतोय.

@बुडापासून, आधी तुमचं. खरं सांगतो, काल रात्री उत्तर माहीत नव्हतं. यूट्यूबच्या शिकवणीत उडीचा वेग उणे ४०० होता (वर जाणं म्हणजे उणे), गोडोचं २डी गुरुत्वाकर्षण मुळात ९८०. म्हणजे वर जायला ४०० भागिले ९८०, साधारण ०.४१ सेकंद. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने साडेचोवीस फ्रेम. उंची सुमारे ८२ पिक्सेल. माझी फरशी ३२ पिक्सेलची, म्हणजे अडीच फरश्या. तेवढंच खाली यायला धरलं तर एकूण ४९ फ्रेम होतात. पण माझ्या गेममध्ये ४५ च्या आत भरतात. मी सात-आठ महिन्यांपूर्वी खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट केलं होतं, कारण मुलगी फुग्यासारखी तरंगत यायची आणि पाण्याची भीतीच वाटायची नाही. ते मी केलं होतं हे मलाच आठवत नव्हतं. शिवाय कड सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात ना, ती सवलत शिकवणीत ०.१ सेकंद होती. ओल्या पायरीवर ती ०.१५ केली आहे. पाय घसरत असताना खेळणाऱ्याला थोडी जास्त संधी मिळावी म्हणून.

@जावावाले काका, ७०० ओळींत पाणी आहे.

पाणी कुठे सापडेना. जे सापडलं ते सगळं समुद्राच्या लाटांचं, सुंदर हलणारं. मला तुंबणारं पाणी हवं होतं. मग स्वतः मांडलं. भरती साइन वक्रासारखी वर-खाली जाते. दोन भरत्यांमधलं खरं अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटं, ते मी ४ मिनिटांत बसवलंय. पाऊस रस्त्यावर पाणी ओततो. गटारं ते समुद्राकडे नेतात, पण समुद्र गटाराच्या मुखाच्या वर चढला की निचरा शून्य. मुंबईत होतं तेच. जोरदार पाऊस एकटा असला तर निचरा चालू राहतो, मोठी भरती एकटी काही करत नाही, दोन्ही एकाच वेळी आलं की अर्ध्या तासात गुडघा बुडतो. गेममध्येही तसंच घडतं. मी कुठेही ‘आता पाणी चढव’ असं लिहिलेलं नाही. ते आपोआप चढतं.

तिसऱ्या टप्प्यात पंप आहे. हिंदमाताचं पाणी आता दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखालच्या आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत नेऊन साठवतात, आणि भरती ओसरली की सोडतात. त्या मुलीला पंप सुरू करायचा असतो, पण टाकी भरायच्या आत ओहोटी लागेल की नाही याचा अंदाज घेऊन.

आणि ताई, नाही. ओली पायरी वेगळी दिसत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज करतो.

बुडापासून | रविवार, सायंकाळी ५:१०

हे पाणी मुलाखतीत का नाही सांगितलंस रे?

मी मागे लिहिलेलं मागे घेत नाही. ४५ फ्रेमचं उत्तर तू आज शोधलंस, कालपर्यंत ती उडी तुझी नव्हती. आज आहे. पण गटाराच्या मुखाची गोष्ट वाचून मी बायकोला हाक मारून वाचून दाखवली. आम्ही सायनला राहतो, दर पावसाळ्यात हे पाहतो, आणि हे कधी कुणी गेममध्ये मांडलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

वडाळा_कट्टा | रविवार, सायंकाळी ५:३५

@बुडापासून, एक छोटी भर. क्वेक थ्रीचा कोड २००५ मध्ये खुला झाला, तेव्हा त्यातलं वर्गमुळाचा व्यस्त झटकन काढणारं एक फंक्शन जगभर गाजलं. सगळे म्हणाले, क्वेकचा मुख्य प्रोग्रामर जॉन कार्मॅक याची करामत. कार्मॅकने स्वतः सांगितलं, ते माझं नाही. शोध घेत घेत लोक गॅरी टॅरोली आणि त्याच्याही मागे ग्रेग वॉल्शपर्यंत पोचले. म्हणजे ज्याला सगळे बुडापासून लिहिणारा मानतात, त्याच्याही घरात दुसऱ्याकडून आलेली वीट होती, आणि विचारल्यावर ती माझी नाही म्हणायला त्याला काही वाटलं नाही.

परवाना_वाचा | रविवार, रात्री ८:१५

माझा विषय आला म्हणून लिहिते. ‘म्हणवून घ्यावं का’ यावर सगळे बोलले. ‘वापरायची परवानगी होती का’ हे कुणी विचारलंच नाही.

@भरती_ओहोटी, गेम लोकांपुढे ठेवायच्या आधी प्रत्येक उसनवारीपुढे तिचा परवाना लिहून काढ. एमआयटी (हा एक खुला परवाना) असेल तर खुशाल वापर, विकही, पण मूळ लेखकाची स्वामित्वाची सूचना गेमसोबत जायला हवी. गोडो स्वतः एमआयटीखाली आहे, त्यामुळे त्याचीही सूचना द्यावी लागते, हे निम्मे लोक विसरतात. जीपीएल हा परवाना असेल तर तुझ्या गेमचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागेल. केनीचे संच सीसी झिरो, तिथे काहीच बंधन नाही. आणि गिटहबवर परवान्याची फाइलच नसेल तर ‘दिसतंय म्हणजे फुकट’ असं समजू नकोस. परवाना नाही म्हणजे परवानगी नाही. लेखकाला विचारावं लागतं. आवाजांचंही तपास. त्यात ‘व्यावसायिक वापर नाही’ अशी अट पुष्कळदा असते.

कायद्याच्या पलीकडचं एक. अँग्री बर्ड्स बॉक्स टू डी या फिजिक्स इंजिनावर उडत होते. त्या वेळी त्याचा परवाना श्रेय देण्याची सक्ती करत नव्हता. २०११ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये अँग्री बर्ड्स करणाऱ्या रोव्हिओच्या माणसाचं भाषण झालं, आणि प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, तुम्ही कोणतं फिजिक्स इंजिन वापरता? बॉक्स टू डी, असं उत्तर आलं. मग त्याला श्रेय द्याल का, असं त्याने विचारलं. विचारणारा एरिन कॅटो होता, ते इंजिन लिहिणारा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या माणसाचा फार आदर वाटला. पैसे मागितले नाहीत. नाव मागितलं.

आपल्याकडे ही रीत होतीच की. माझ्या आजोबांकडे संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आहेत. पदाच्या डोक्यावर राग, ताल, आणि पुढे ‘चाल’ छापलेली: अमक्या पदाची, तमक्या ठुमरीची. शब्द नाटककाराचे, चाल कुठून घेतली ते वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. त्यामुळे नाटककाराचं नाटककारपण कुणी काढून घेतलं नाही.

तिसरं_वर्ष | रविवार, रात्री ९:४०

मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर. माझी परिस्थिती आणखी अवघड आहे. मी अर्ध्याहून जास्त कोड एआयकडून लिहून घेतो. तिथे तर ज्याचं नाव छापावं असा माणूसही नाही. सर म्हणतात हे चालणार नाही, सिनिअर म्हणतात सगळे हेच करतात. मला खरंच कळत नाही मी काय शिकतोय.

जुना_जावावाला | रविवार, रात्री १०:०५

बाळा, एक वही कर. त्याला काय विचारलंस, त्याने काय दिलं, आणि त्यातलं काय तू टाकून दिलंस व का, एवढं लिही. महिन्याभराने वही उघड. तिसरा रकाना रिकामा असेल तर तू शिकत नाहीयेस. भरलेला असेल तर काळजी करू नकोस.

बुडापासून | रविवार, रात्री १०:१२

@तिसरं_वर्ष, काकांशी सहमत. आणि रोज एक फंक्शन एआय बंद करून, कागदावर. आधी हात दुखतील, पण सोडू नकोस.

दोन_खोल्यांचा_स्टुडिओ | सोमवार, सकाळी ७:५०

आम्ही तिघं ठाण्यात लहान गेम करतो. दुसऱ्याच्या कोडवर उभं राहण्याची दुसरी बाजू सांगतो. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटी या गेम इंजिनाच्या कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घेणार असं जाहीर केलं. आमचा चालू गेम युनिटीत होता. शुल्क लागायची मर्यादा आमच्यापासून खूप लांब होती, तरी तीन रात्री झोप नव्हती. पायाखालची जमीन कुणाची आहे, हे त्या दिवशी कळलं. वर्षभराने त्यांनी ते शुल्क रद्द केलं, पण तोवर आम्ही गोडोकडे वळलो होतो. तेव्हापासून नवं काहीही गेममध्ये घ्यायच्या आधी आम्ही एकमेकांना विचारतो: हे उद्या बंद पडलं, महाग झालं, तर आपल्याला किती दिवस लागतील? सात दिवसांच्या वर उत्तर आलं तर घेत नाही, किंवा शिकून घेतो.

बाकी प्रश्न गेम डेव्हलपर म्हणण्याचा. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सची सुरुवात फेझर या तयार फ्रेमवर्कवर आणि विकत घेतलेल्या चित्रांवर झाली. २०२३ चा बाफ्टा या ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्याला मिळाला. तिथे कुणी ओळी मोजल्या नसाव्यात.

भरती_ओहोटी | गुरुवार, रात्री ११:२०

चार दिवस गायब होतो, कारण @परवाना_वाचा ताईंनी सांगितलं ते करत होतो. ऑफिसच्या हिशेबासारखीच एक वही केली. सतरा नोंदी निघाल्या.

अकरा निर्धास्त निघाल्या. चार एमआयटी, त्यांच्या सूचना आता गेममध्ये एका पानावर आहेत, गोडोची सगळ्यात वर. उरल्या दोन.

एक, कॅमेऱ्याचा हादरा. त्या गिटहबवर परवानाच नव्हता. मी ती चाळीस ओळींची स्क्रिप्ट दोन वर्षं वापरतोय आणि कधी बघितलंच नव्हतं. लेखकाला पत्र लिहिलं, तो चिलीचा निघाला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. म्हणाला, वापर की, मी विसरलोच होतो परवाना टाकायला, आणि त्याने लगेच एमआयटी टाकला. शिवाय पावसाचा गेम आहे हे वाचून एक व्हिडिओ मागितला.

दोन, पावसाचा आवाज. त्यावर अव्यावसायिक वापराची अट होती, आणि मला गेम पुढे ९९ रुपयांना ठेवायचा आहे. काढून टाकला. मंगळवारी रात्री दोनला जोराची सर आली तेव्हा फोन टॉवेलात गुंडाळून गॅलरीत धरला, समोरच्या पत्र्यावरचा आवाज भरून घेतला. मागे कुणाच्या तरी घरातला प्रेशर कुकर आणि लांबून पोलीस मैदानाकडची कुत्री ऐकू येतात. काढणार नाही ते.

@लालबागची_लेक ताई, ओली पायरी आता गडद दिसते आणि तिच्या कडेला एक फिकट रेघ चमकते. आईला खेळायला दिला. तिने आयुष्यात गेम खेळलेला नाही. तिसऱ्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, ‘ही ओली आहे, इथे नको.’ मला फार बरं वाटलं.

आणखी एक झालं. मित्राने त्याच्या नव्या फोनवर चालवून पाहिला तर वाहत येणाऱ्या हातगाड्या दुप्पट वेगाने अंगावर यायच्या. मुलगी मात्र नेहमीच्याच वेगाने धावायची. आधी काहीच सुचेना, मग जावावाले काकांचं वळण आठवलं. त्याचा पडदा १२० हर्ट्झचा आहे. हातगाडीची स्क्रिप्ट एका जुन्या शिकवणीतून उचललेली, त्यात दर फ्रेमला २ पिक्सेल पुढे असं लिहिलेलं. ६० फ्रेमला ते सेकंदाला १२० होतात, १२० फ्रेमला २४०. मुलगी फिजिक्सच्या ठरलेल्या ६० च्या ठेक्यावर चालते म्हणून तिला काही झालं नाही. फ्रेममधल्या वेळेने गुणलं, सेकंदाला १२० करून टाकलं. एक ओळ. सापडायला दोन रात्री लागल्या, पण सापडली.

गेम इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या साइटवर टाकलाय, सध्या फुकट. लिंक माझ्या प्रोफाइलवर आहे. त्या स्टुडिओलाही पुन्हा मेल केलाय, या वेळी पाण्याचं सगळं लिहून. उत्तर आलेलं नाही.

लालबागची_लेक | शुक्रवार, सकाळी ८:३०

ट्रेनमध्ये उभ्या उभ्या खेळले. करी रोडला उतरायचं होतं, चिंचपोकळीपर्यंत गेले. पंपाच्या टप्प्यात टाकी भरत आली तेव्हा हाताला घाम आला होता.

एक अडचण: माझ्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं छिद्र आहे, भरतीचा आकडा नेमका त्याच्याखाली जातो.

बुडापासून | शुक्रवार, सकाळी ९:१०

पाणी उत्तम. मुख बंद व्हायच्या क्षणी निचरा एकदम शून्य होतो, त्यामुळे पाण्याची पातळी किंचित झटका खाते. मुखाच्या आसपास तो हळूहळू कमी होईल असं कर. खऱ्या गटारातही असंच होतं. अडलास तर सांग, रविवारी सायनला ये, बसून करू.

जुना_जावावाला | शुक्रवार, सकाळी ९:४५

माझा फोन सहा वर्षं जुना आहे, मुद्दाम त्यावर चालवला. चौथ्या टप्प्यात चाळीचे दिवे लागतात तिथे अडखळतो. त्याआधी लोण्यासारखा.

भरती_ओहोटी | शुक्रवार, सकाळी ९:५८

ऑफिसच्या जिन्यावरून लिहितोय. ताई, आकडा आज रात्री खाली घेतो. काका, दिव्यांचा कोड माझाच आहे, प्रत्येक खिडकीला वेगळा दिवा टाकलाय, तिथेच घोळ असणार, उद्या बघतो. बुडापासून सर, रविवारी किती वाजता येऊ?